काळी चार, कॅपो पहिल्या फ्रेटवर

गायिकेने ‘काळी चार’ म्हटलं की हार्मोनियमवाल्याला पुढे काही विचारावं लागत नाही. गिटारवाल्याला मात्र दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: कॉर्डचे आकार (बोटांची ठेवण) कुठले धरायचे आणि कॅपो, म्हणजे नेकवर तारा दाबून धरणारा चिमटा, कितव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या काडीवर) लावायचा. बरेच जण हे उलट्या क्रमाने करतात. आधी कॅपो चढवतात, सरकवत सरकवत गळ्याशी जुळवतात आणि मग जे आकार हाती लागतील त्यांवर गाणं रेटतात. त्यात सूर जुळतो, पण गाणं गिटारवर बसत नाही. भावगीत असो, अभंग असो की रागाच्या अंगाची चीज, अकूस्टिक गिटारवर साथ करताना मी ज्या क्रमाने जातो तो इथे मांडतो आहे. फ्रेटचा आकडा त्यात सगळ्यात शेवटी येतो.

आधी पट्टीचं भाषांतर. पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक सी शार्प, दोन डी शार्प, तीन एफ शार्प, चार जी शार्प, पाच ए शार्प. आपल्याकडे पुरुष गायक बहुधा पांढरी एक ते काळी दोनच्या आसपास गातात, गायिका काळी तीन ते काळी पाचच्या आसपास. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा सा काळ्या पट्टीवर येतो, आणि गिटारवर मोकळ्या तारांचे जे पाच मुख्य आकार आहेत (सी, ए, जी, ई, डी) त्यांतला एकही काळ्या पट्टीवर नाही. म्हणून इथल्या साथीला कॅपो ही चैन राहत नाही.

कॅपो एक फ्रेट वर गेला की सगळ्या तारा अर्ध्या सुराने चढतात. काळी चारसाठी जीचा आकार पहिल्या फ्रेटवर, ईचा चौथ्या किंवा डीचा सहाव्या. काळी पाचसाठी एचा पहिल्या, जीचा तिसऱ्या, ईचा सहाव्या. काळी एकसाठी सीचा पहिल्या, एचा चौथ्या, जीचा सहाव्या. काळी दोनला डी पहिल्या, सी तिसऱ्या. काळी तीनला ई दुसऱ्या, डी चौथ्या. पांढरी सात पुष्कळांना अडवते. तिथे ए दुसऱ्यावर किंवा जी चौथ्यावर. पांढरी चारला ई पहिल्या, डी तिसऱ्या, सी पाचव्या फ्रेटवर. हे पाठ करायची गरज नाही. आकाराच्या नावापासून सापर्यंत अर्धे सूर मोजले की फ्रेटचा आकडा मिळतो.

आता प्रत्येक पट्टीला दोन-तीन पर्याय निघाले. त्यांतला निवडायचा कसा? साध्या गाण्याला साधा हिशेब पुरतो: गाण्यात येणारे सगळे कॉर्ड लिहून काढायचे आणि कुठल्या आकारात कमी बार कॉर्ड (एक बोट तारांवर आडवं दाबून धरायचे कॉर्ड) येतात ते बघायचं. काळी चारच्या मेजर गाण्यात सा, म, प यांवरचे तीन मेजर आणि रे, ध यांवरचे दोन मायनर असे पाच कॉर्ड लागतात असं धरा. जीच्या आकारात ते जी, सी, डी, ए मायनर आणि ई मायनर होतात, पाचही मोकळे. ईच्या आकारात ई आणि ए मोकळे, पण बी, एफ शार्प मायनर आणि सी शार्प मायनर हे तिन्ही बार. इथे वादच नाही, जी आणि पहिला फ्रेट. काळी दोनला मात्र ताण पडतो. डी पहिल्यावर घेतला तर बी मायनरचा बार येतो, सी तिसऱ्यावर घेतला तर एफचा. गाण्यात सहाव्या स्वरावरचा मायनर वारंवार येत असेल तर सी घ्यावा, कारण तो तिथे ए मायनर होतो. मध्यमावरचा कॉर्ड जास्त असेल तर डी, कारण तो तिथे जी होतो.

राग जिथे ठळक आहे तिथे बार कॉर्ड मोजून भागत नाही. तिथे मी बघतो ते मोकळ्या तारांकडे. गिटारच्या सहा तारा जाड बाजूने, म्हणजे सहावीपासून पहिलीपर्यंत, ई, ए, डी, जी, बी, ई. जीला सा धरा. मग त्या झाल्या ध, रे, प, सा, ग, ध. भूपाचे पाचही स्वर, एकही जास्त नाही! त्यामुळे भूपाच्या अंगाचं गाणं असेल तर जीचाच आकार, कारण कुठलीही तार चुकून वाजली तरी बाहेरचा स्वर येत नाही. यमनालाही हाच आकार चालतो, फक्त तिथे सीचा कॉर्ड टाळायचा, कारण त्यातला सी म्हणजे शुद्ध मध्यम. त्याऐवजी एचा मेजर घ्यायचा. त्यातला सी शार्प हाच तीव्र मध्यम. यमन डीच्या आकारात बसवायला गेलात तर मोकळी तिसरी तार, म्हणजे जी, दर वेळी शुद्ध मध्यम होऊन वाजते आणि ती सतत दाबत बसावी लागते. काळी पाचच्या गायिकेबरोबर यमन असेल तर जीचा आकार तिसऱ्या फ्रेटवर, एवढ्यावर निर्णय संपतो.

भैरवीला ईचा आकार. ईला सा धरलं की त्याच सहा तारा सा, म, कोमल नी, कोमल ग, प, सा होतात, सगळ्या भैरवीच्या. कॉर्ड लागतात ते ई मायनर, एफ, जी, ए मायनर, सी आणि डी मायनर. एफचा पूर्ण बार इथे घेऊच नये. चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्यावर, दुसरी पहिल्यावर आणि पहिली तार मोकळी सोडायची, म्हणजे कोमल रिषभाच्या कॉर्डवर वरचा षड्ज घुमत राहतो. भैरवीवर कॉर्ड वाजवावेत का, हा वाद वेगळा. गायिकेने सांगितलं तर वाजवायचे. काळी चारला कॅपो चौथ्यावर, काळी पाचला सहाव्यावर. पुरुष गायक काळी एकला गात असेल तर ईचा आकार नवव्या फ्रेटवर जातो. तिथे गिटार चिरकते, म्हणून ए मायनरचा आकार चौथ्यावर घ्यावा लागतो. त्यात एक खोच आहे. एला सा धरलं की मोकळी दुसरी तार, बी, ही शुद्ध रिषभ होते. सुदैवाने तिथल्या सगळ्या कॉर्डमध्ये (ए मायनर, बी फ्लॅट, डी मायनर, एफ, जी मायनर) ती तार दाबलेलीच असते, पण कॉर्ड बदलताना बोट जरा लवकर उचललं की तो रिषभ ऐकू येतोच.

हा विचार फक्त आपलाच नाही. स्पेनमधल्या फ्लामेंकोत भैरवीच्याच स्वरांची चौकट मोठ्या प्रमाणावर वापरतात आणि गिटारवादक ती मुख्यतः दोन आकारांत वाजवतात, ईच्या आणि एच्या. गाणारा आपली पट्टी स्वराच्या नावाने न सांगता अमुक आकार आणि अमुक फ्रेट अशीच सांगतो, आणि वादक खुंटी पिळून बसवायचा लाकडी कॅपो तिथे नेतो. आपल्याकडे गाणारे पट्टी हार्मोनियमच्या भाषेत सांगतात, म्हणून मधला हिशेब आपल्याला करावा लागतो.

आकडा सहाच्या वर जायला लागला की मी सहसा आकार बदलतो. ६४८ मिलिमीटर लांबीच्या नेहमीच्या स्केलवर (तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर) मोकळ्या गिटारचं पहिलं घर (दोन फ्रेटमधली जागा) साधारण ३६ मिलिमीटर रुंद असतं. कॅपो चौथ्यावर असेल तर पुढचं पहिलं घर २९ मिलिमीटर, सातव्यावर असेल तर २४. तीन बोटं शेजारी शेजारी ठेवून धरायचा एचा कॉर्ड तिथे बसत नाही. तो एकाच बोटाने आडवा दाबावा लागतो. शिवाय सातव्या फ्रेटवर खर्जाची बाजू उरतच नाही, आवाज मॅन्डोलिनकडे झुकतो. दोन गिटार असतील तर मात्र हेच हवं असतं. काळी पाचला एकाने जीचा आकार तिसऱ्यावर घ्यावा आणि दुसऱ्याने डीचा आठव्यावर. दोघांनी एकच आकार वाजवला तर दुसरी गिटार असून नसल्यासारखी वाटते.

इथवर कॅपो हातातही घेतलेला नाही. आता लावायची वेळ.

कॅपो न लावता गिटार आधी नीट सुरात आणायची. हे वगळलं तर पुढे चूक कुठली, तारेची की कॅपोची, ते कळत नाही. मग कॅपो. त्याचं रबर फ्रेटच्या धातूच्या लगेच मागे, नटाच्या (खुंट्यांजवळ तारा ज्या खाचांत टेकतात त्या पट्टीच्या) बाजूला, एक-दोन मिलिमीटर अंतरावर आणि फ्रेटला समांतर बसलं पाहिजे. धातूच्या बरोबर वर ठेवलं तर तार दबकी, कोंडल्यासारखी वाजते. घराच्या मधोमध ठेवलं तर एक तर ती झिणझिणते, नाहीतर जास्त दाबामुळे चढते. चढण्याचं कारण सोपं आहे. फ्रेट लाकडापासून सुमारे एक मिलिमीटर उंच असतो, आणि त्याच्या मागे तार जितकी लाकडाकडे दाबली जाईल तितकी ती ताणली जाते. धातूजवळ राहिलं तर कमी दाबात काम होतं. उंच, जाड फ्रेट असलेल्या गिटारवर किंवा १०-४७ (पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) सारख्या पातळ तारांवर हा दोष जास्त ऐकू येतो. १२-५३ च्या संचावर कमी. सहावी जाड तार बहुधा सगळ्यांत जास्त चढते.

स्प्रिंगचा कॅपो (कायसर कंपनीच्या कॅपोसारखा) दोन्ही दांड्या दाबून उघडायचा, रबर तारांवर सरळ टेकवायचं आणि दाब हळूहळू सोडायचा. फटकन सोडला की रबर तारांना एका बाजूला ओढत नेतं आणि त्या तशाच वाकड्या अडकतात. मग सहावी चढलेली, पहिली चढलेली आणि मधल्या ठीक, असला विचित्र निकाल लागतो. दांड्या वरच्या बाजूला, सहाव्या तारेकडे ठेवाव्यात. खाली ठेवल्या तर जीसारखा आकार धरताना डाव्या हाताच्या तळव्याला टोचतात.

स्प्रिंगचा दाब आपल्या हातात नसतो, आणि नेक वर जाताना जाड होत जातो म्हणून पाचव्या फ्रेटवर तोच कॅपो पहिल्यापेक्षा जास्त आवळतो. शब कंपनीच्या कॅपोसारख्या तरफेच्या कॅपोला मागे स्क्रू असतो. तो सैल करून सुरू करायचं, तारा झिणझिणत असतील तर पाव वळसा आवळायचा, पुन्हा ऐकायचं, आणि झिणझिण थांबली की तिथेच थांबायचं. ‘अजून थोडं सुरक्षित’ म्हणून दिलेला पुढचा वळसा थेट सुरात दिसतो. फ्रेट बदलला की स्क्रू पुन्हा बघावा लागतो, आणि म्हणून भर कार्यक्रमात दोन गाण्यांमध्ये स्प्रिंगचा कॅपो सोयीचा ठरतो. जीसेव्हन्थ कंपनीचा मुठीत दाबून बसवायचा कॅपो या दोहोंच्या मध्ये आहे: दाब हाताने ठरतो आणि स्क्रूला हात लावावा लागत नाही. घरी रेकॉर्डिंग करायचं असेल तर मी स्क्रूचाच घेईन.

लावून झाला की सहावीपासून पहिलीपर्यंत एकेक तार सावकाश छेडायची. पहिली किंवा सहावी झिणझिणत असेल आणि मधल्या स्वच्छ असतील, तर रबर सपाट आहे आणि फ्रेटबोर्ड गोलाईचा, असं बहुधा निघतं. उलट, तिसरी-चौथी झिणझिणते आणि कडेच्या ठीक, तर रबर जास्त गोल आहे. मार्टिनच्या फ्रेटबोर्डची गोलाई साधारण १६ इंच त्रिज्येची, गिब्सनची १२ इंचांची, आणि नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारचा फ्रेटबोर्ड सहसा सपाट असतो, शिवाय नटापाशी सुमारे ५२ मिलिमीटर रुंद. अकूस्टिकचा कॅपो तिथे अपुरा पडतो. क्लासिकलसाठी सपाट रबराचा वेगळाच घ्यावा. बारा तारांच्या गिटारला तर जाड आणि पातळ तार शेजारी असल्यामुळे साधा कॅपो पातळ तार नीट दाबतच नाही. दुकानात गोलाई विचारली तर विक्रेत्याला सांगता येईलच असं नाही, म्हणून आपली गिटार सोबत नेऊन लावून बघणं बरं.

सूर तपासताना ट्यूनर क्रोमॅटिकवर (बाराही स्वर ओळखणाऱ्या मोडवर) ठेवायचा. ‘गिटार’ या मोडवर ठेवला तर तो जवळचा ई किंवा ए शोधत बसतो आणि भलतंच दाखवतो. कॅपो पहिल्या फ्रेटवर असेल तर सहावीपासून एफ, ए शार्प, डी शार्प, जी शार्प, सी, एफ दिसायला हवं. तिसऱ्यावर जी, सी, एफ, ए शार्प, डी, जी. चौथ्यावर जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, बी, डी शार्प, जी शार्प. सगळ्या तारा सारख्याच चढलेल्या असतील तर कॅपोचा दाब कमी करायचा, खुंट्यांना हात लावायचा नाही. एखाददुसरीच चढली असेल तर ती वाकडी ओढली गेली आहे का ते आधी बघायचं. कॅपो काढून पुन्हा लावला की निम्म्या तक्रारी जातात.

उरलेल्या तारांसाठी खुंटी पिळण्याआधी एक युक्ती आहे. तार चढलेली असेल तर कॅपोच्या पुढच्या भागात, साउंड होलजवळ, ती चिमटीत धरून हलकेच वर ओढायची. नटाकडची थोडी तार कॅपोखालून पुढे येते आणि सूर उतरतो. उतरलेली असेल तर नट आणि कॅपो यांच्या मधल्या तुकड्यावर बोटाने दाबायचं. तार मागे खेचली जाते आणि सूर चढतो. चार-पाच सेंटचा (अर्ध्या सुराचे शंभर सेंट) फरक असा निघतो. त्याहून जास्त असेल तर खुंटी, पण सावधपणे: कॅपोने तार धरून ठेवलेली असल्याने खुंटी फिरवली तरी सूर लगेच हलत नाही, मग एकदम उडी मारतो. थोडं फिरवा, तार एकदा ओढून सोडा, मग ऐका. कमी करायचं असेल तर गरजेपेक्षा खाली उतरून मग वर चढत यावं, नाहीतर वाजवता वाजवता तार आणखी उतरते.

साथीला हार्मोनियम असेल तर ट्यूनरवरचा हिरवा दिवा शेवटचा शब्द नसतो. हार्मोनियमच्या रीड जागच्या जागी बदलता येत नाहीत, आणि प्रत्येक पेटी ४४० हर्ट्झवर लावलेली असेलच असं नाही. पेटीवाल्याला पांढरी सहा धरायला सांगायचं, ट्यूनरचा संदर्भ ४४० वरून वर-खाली करत काटा मध्ये आणायचा, ४४२ की ४४४ जो आकडा निघेल तो कायम ठेवायचा, आणि मग कॅपो लावलेल्या स्थितीत गिटार त्या संदर्भावर जुळवायची. तानपुऱ्यासोबत वेगळीच अडचण येते. गिटारवरचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, आणि शांत आलापात हे घासणं कानाला लागतं. त्यावर उपाय ट्यूनिंगमध्ये शोधू नये. तिथे गंधार वगळूनच कॉर्ड वाजवावा. जीच्या आकारात सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर, पाचवी बंद, चौथी-तिसरी मोकळ्या, दुसरी आणि पहिली दोन्ही तिसऱ्यावर, इतकं धरलं की फक्त सा आणि प उरतात आणि गंधार गायिकेकडे राहतो.

बरोबरच्या वादकांशी बोलताना पट्टीच सांगायची, आकार नाही. कॅपो तिसऱ्यावर लावून ‘आता जी वाजवतोय’ म्हटलं की कीबोर्डवाला खरा जी वाजवतो, आणि तुमच्या हातात तेव्हा ए शार्प असतो. कॉर्ड लिहिलेला कागद देत असाल तर वर ठळक लिहावं: ‘पट्टी काळी पाच, गिटारला कॅपो ३, आकार जी’. बेसवाल्याला हे वाचून लगेच कळतं.

कॅपो पट्टी वर नेतो, खाली कधीच नाही. काळी तीनला जीचाच आकार हवा असेल, भूप आहे म्हणून, तर सगळ्या तारा अर्धा सूर उतरवायच्या आणि कॅपो काढून ठेवायचा. पुष्कळ साथीदार गिटार कायमची अर्धा सूर उतरवूनच ठेवतात; मग काळी तीन मोकळ्या जीवर मिळते आणि वरचे सगळे आकडे एकाने वाढतात. तारा थोड्या सैल पडतात, म्हणून अशा गिटारवर १३ चा संच चढवणारे आहेत.

आता अर्ध्या कॅपोबद्दल, कारण आपल्या संगीताला तो विलक्षण जमतो आणि फार कमी जण वापरतात. तीनच तारा दाबणारा छोटा कॅपो मिळतो. तो दुसऱ्या फ्रेटवर पाचवी, चौथी आणि तिसरी तार दाबून लावायचा. बाकीच्या तीन मोकळ्या. तारा झाल्या ई, बी, ई, ए, बी, ई. ईला सा धरलं तर सा, प, सा, म, प, सा. खुंटीला हात न लावता षड्ज, पंचम आणि मध्यमाचा भरणा मिळाला, आणि त्यात गंधार नाही, त्यामुळे मायनर-मेजर दोन्हीकडे जाता येतं. दाबलेले स्वर यात बदलत नाहीत हे लक्षात ठेवायचं: पाचव्या तारेवर पाचव्या फ्रेटला डी होता तो डीच आहे, बदलले फक्त मोकळे स्वर. दुसरा पूर्ण कॅपो त्याच्या मागे पहिल्या फ्रेटवर लावला आणि अर्धा तिसऱ्यावर नेला की हेच सगळं पांढरी चारला मिळतं. दुसऱ्या आणि चौथ्यावर लावले की काळी तीनला. दोन कॅपोंची गर्दी होते आणि सूर तपासायला जास्त वेळ लागतो, पण अभंगाच्या सुरुवातीला असा भरणा दिला की तानपुरा नसला तरी चालून जातं.

छोटा कॅपो नसेल तर स्प्रिंगचा नेहमीचा कॅपो पहिल्या तारेच्या बाजूने लावून सहावी तार बाहेर ठेवता येते. दुसऱ्या फ्रेटवर तसा लावून डीचा आकार धरला की तो पांढरी तीनला वाजतो आणि खाली मोकळा ई खर्जाचा षड्ज देतो. रबराचं टोक सहाव्या तारेला चिकटत नाही ना, तेवढं बघायचं, नाहीतर ती तार कुजबुजते.

वापर झाला की कॅपो नेकवर रात्रभर ठेवू नये. रबराखाली तारांचे खोल चरे पडतात आणि मग पुढच्या वेळी तारा त्याच चऱ्यांत जाऊन बसतात, दाब असमान होतो. जुन्या नायट्रोसेल्युलोज पॉलिशच्या गिटारवर काही रबरांचा डागही पडतो. गाण्यांच्या मधल्या वेळात कॅपो हेडस्टॉकवर (खुंट्यांच्या भागावर) अडकवायची सवय वाईट नाही, पण तो नटाच्या मागच्या तारांना टेकला तर मोकळ्या तारांचा सूर हलतो, आणि सैल बसला तर स्ट्रमिंग करताना खुळखुळतो. रबर महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावं; मुंबई-कोकणात घाम आणि दमट हवेमुळे त्यावर चिकट थर जमतो आणि तोच तारांना लागून त्या काळ्या पडतात. पावसाळ्यात लाकूड फुगून गिटारचा पुढचा भाग थोडा वर उचलला जातो आणि तारा फ्रेटबोर्डपासून लांब जातात. उन्हाळ्यात ज्या स्क्रूच्या आवळणीवर सूर बरोबर येत होता, तीच आवळणी मग चढी लागते. कॅपो काढल्यावर मोकळ्या तारांचा सूर पुन्हा तपासावा. खुंट्या पिळलेल्या असतील तर तो हलकासा बदललेला असतोच.

गिटार तपासायलाही कॅपो उपयोगी पडतो. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सहावी तार नेक आणि बॉडी जिथे जुळतात त्या चौदाव्या फ्रेटवर दाबायची आणि सहाव्या-सातव्या फ्रेटपाशी तार आणि धातू यांच्या मधली फट बघायची. साधारण ०.१ ते ०.२५ मिलिमीटर असेल तर नेकचा बाक ठीक. व्हिजिटिंग कार्ड आरामात सरकत असेल तर ट्रस रॉड (नेकचा बाक कमी-जास्त करणारी आतली सळई) बघायची वेळ आली. आणि कॅपो पहिल्यावर लावला की गिटार अचानक हलकी वाटत असेल, मोकळ्या ईच्या आकारात चढे वाटणारे स्वर कॅपोबरोबर नीट वाजत असतील, तर नटाच्या खाचा उंच राहिल्या आहेत. त्या गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून थोड्या खोल करून घ्याव्या लागतात. घरी कानस घेऊन बसू नये. कानशीचा एक फेरा जास्त झाला तर नटच बदलावा लागतो.